स्मारकाला दिवस किती?

साहित्यकृतीला जसा वाचक लागतो, तसा स्मारकाला जमाव लागतो. म्हणून स्मारकाचे परीक्षण करताना उंची, दगड, कोरीवकाम यांच्या आधी मी एकच विचारतो: येथे माणसे वर्षातून किती वेळा जमतात, आणि कशासाठी?

मुंबईचा हुतात्मा चौक घ्या. निव्वळ शिल्प म्हणून पाहिले तर १८६४ चे फ्लोरा फाउंटन शेजारच्या मशालधारी शेतकरी-कामगारापेक्षा कितीतरी सरस आहे. पण फाउंटनपुढे कोणी मान झुकवीत नाही. शेतकरी-कामगारापुढे २१ नोव्हेंबरला १९५५ च्या गोळीबाराचे स्मरण होते आणि १ मे रोजी राज्य मिळाल्याचा आनंदही तेथे फुले वाहूनच साजरा होतो. पणजीच्या आझाद मैदानाचेही तसेच. पोर्तुगीज अमदानीत तेथील मंडपात आल्बुकर्कचा पुतळा होता. आज त्याच मैदानात गोवा मुक्तिलढ्याच्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. १८ जूनला लढ्याचे स्मरण, १९ डिसेंबरला मुक्तीचा सोहळा. जुना मंडप न पाडता मैदानाचा अर्थ बदलला, यात मला मोठी कलात्मक जाण दिसते.

आता आपल्या बेळगावचा हुतात्मा चौक. बेळगाव म्हैसूर राज्यात घालण्याच्या निर्णयाविरुद्ध १७ जानेवारी १९५६ ला लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसे पडली. दरवर्षी त्या दिवशी येथे पुष्पचक्रे वाहिली जातात. लहानपणी मी वडिलांचे बोट धरून जात असे. वडील चपला काढून उभे राहत. का, हे त्यांनी कधी सांगितले नाही. मीही तसाच उभा राहू लागलो. त्या शांततेइतके उत्कट काही मी रंगभूमीवरही पाहिलेले नाही. तरीही परीक्षक म्हणून सांगायलाच हवे की, हे नाटक पहिल्या अंकापाशीच थांबले आहे. मुंबईला १ मे मिळाला, पणजीला १९ डिसेंबर. आमच्या चौकाला इतिहासाने आनंदाची तारीख दिलीच नाही.

उलट १ नोव्हेंबरला एकाच गावाचे दोन भाग होतात. चन्नम्मा चौकात राज्योत्सवाची वाद्ये, लाल-पिवळे झेंडे. आणि आपल्याकडे काळा दिवस. अशाच एका १ नोव्हेंबरला नातू खिडकीत उभा होता. वर्गातले त्याचे दोन कन्नड मित्र मिरवणुकीला गेले होते. त्याने विचारले, "आजोबा, आपला नाचायचा दिवस कुठला हो?" इतकी वर्षे लेखणी चालवूनही मला उत्तर सुचले नाही.

उत्तर पुढच्या अनंत चतुर्दशीला त्यानेच दिले. हुतात्मा चौक ढोल-ताशांनी दणाणला होता. कपिलेश्वर तलावाकडे निघालेल्या एका गणपतीपुढे नातू आणि तेच दोघे मित्र गुलालात न्हाऊन नाचत होते. कोण कुठल्या भाषेत ओरडतो आहे ते कळत नव्हते. क्षणभर मला राग आला. हुतात्म्यांच्या दारात हा गोंगाट? मग वाटले, स्मारकाचा दुसरा अंक हाच तर नसेल? तो कोणत्याही समितीने लिहिलेला नाही, एवढेच.

आपल्या स्मारकातले न्यून दगडातले नाही, आपल्या कल्पनेतले आहे. वर्षातला एक दिवस आपण चौकाला देतो आणि उरलेले दिवस रहदारीला. मिरवणुकीतल्या मंडळांनी ढोल दोन मिनिटे थांबवून तेथे एक फूल वाहिले, तर ना शोकाला बाध येईल, ना उत्सवाला.

येत्या १७ जानेवारीला नातू माझ्याबरोबर यायचे म्हणतो आहे. मित्रांनाही आणू का, असे त्याने विचारले. मी होकार दिला आहे. चपला मात्र काढाव्या लागतील, एवढे सांगून ठेवले आहे.