राजधानीची कला आणि पुण्यातील त्रिशुंड गणपती मंदिर : एक चिकित्सा

साम्राज्याच्या राजधानीची कला राजधानीतच जन्माला येते, असे गृहीत धरण्याची सवय इतिहासलेखनात दृढ झालेली आहे. कॉन्स्टँटिनोपलचे उदाहरण या गृहीताला छेद देते. बायझंटाईन सम्राट जस्टिनियन याने इ. स. ५३२ ते ५३७ या काळात उभारलेल्या हागिया सोफिया या चर्चचे दोन्ही स्थपती, ट्रॅलेसचा अँथेमियस आणि मिलेटसचा इसिडोर, आशिया मायनरमधून आलेले होते. शहरातील शर्यतीच्या मैदानावरचा सर्पस्तंभ तर ग्रीसमधील डेल्फीहून आणलेला होता. राजधानी माणसे, द्रव्य, कौशल्य आणि दैवते आपल्याकडे खेचून घेते व त्यांतून घडलेल्या कलेला स्वतःचे नाव देते. पेशवेकालीन पुण्याकडे मात्र या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. प्रस्तुत लेखात सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपती मंदिराच्या आधारे तसा विचार केला आहे.

औपचारिक अर्थाने पुणे राजधानी नव्हते. छत्रपतींची गादी साताऱ्यास होती. सत्ता मात्र शनिवारवाड्यातून चालत असे. १७३० मध्ये पायाभरणी झालेल्या या वाड्याच्या आतील इमारती १८२८ च्या आगीत नष्ट झाल्या. त्यामुळे दरबारी कलेचा पुरावा पुण्याबाहेर शोधावा लागतो. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट आणि चित्रकार जेम्स वेल्स यांच्यासाठी काम करणाऱ्या गंगाराम तांबट याची रेखाटने अमेरिकेतील येल येथे आहेत. वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पूर्ण केलेले पेशव्यांच्या दरबाराचे चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. राजवाडा गेला, देवळे राहिली. या अवस्थेमुळे पेशवाईतील पुणे हे साधे, कर्मठ आणि कलेविषयी उदासीन शहर होते, असा समज रूढ झाला. लाकडी वाडे आणि पर्वतीवरील चुनेगच्ची शिखरे एवढ्यावरच नजर ठेवली, तर तो खरा वाटण्याजोगा आहे.

त्रिशुंड मंदिर या समजात बसत नाही. इंदूरजवळच्या धामपूर येथील भीमगीरजी गोसावी यांनी २६ ऑगस्ट १७५४ रोजी त्याचे बांधकाम सुरू केले आणि ते १७७० मध्ये पूर्णत्वास गेले. पेशव्यांचा खजिना येथे लागलेला नाही. काळ्या पाषाणाच्या दर्शनी भागावर द्वारपाल, गजलक्ष्मी, मोर, पोपट व हत्ती यांची इतकी दाटी आहे की पुण्यातील समकालीन देवळे शेजारी ओकीबोकी वाटावीत. राजस्थानी, माळव्याकडील आणि दक्षिणी अशा शैलींचे मिश्रण अभ्यासकांनी नोंदविले आहे. परंतु ‘मिश्रण’ या शब्दावर थांबले की मंदिर एक कुतूहलाची वस्तू ठरते आणि हे मिश्रण पुण्यातच का घडले, हा प्रश्न बाजूला पडतो.

त्याचे उत्तर आश्रयदात्यांकडे आहे. ‘गिरी’ हे दशनामी संन्याशांच्या दहा नामांपैकी एक. अठराव्या शतकातील गोसावी हे संन्यासी होते, तसेच सावकार, व्यापारी आणि प्रसंगी शस्त्रधारीही होते. बनारस व बंगालपासून दक्षिणेपर्यंत त्यांची ये-जा होती. सत्ताकेंद्र जिथे, कर्जाची गरज तिथे. म्हणून ते पुण्यात आले.

दर्शनी भागावरील सर्वाधिक चर्चिलेले शिल्प याच संदर्भात वाचले पाहिजे. युरोपीय पोशाखातील शिपाई एका गेंड्याला साखळदंडांनी जखडत आहेत. १७५७ च्या प्लासीनंतर इंग्रजांनी बंगाल ताब्यात घेतला, त्याचे हे रूपक, असे सामान्यतः सांगितले जाते. कालदृष्ट्या ते अशक्य नाही. तथापि या अनुमानाला पुढे जो देशाभिमानाचा रंग चढविला जातो, तो स्वीकारता येत नाही. १७७० मध्ये कंपनी ही पुण्याची उघड शत्रू नव्हती. पहिले इंग्रज-मराठा युद्ध १७७५ मध्ये सुरू झाले. उलट बंगालमध्ये १७६३ पासून संन्याशांच्या सशस्त्र टोळ्यांशी कंपनीचा संघर्ष चालू होता. गेंडा आणि गोरा शिपाई हे दोन्ही विषय पुण्याच्या दगडावर आले ते बहुधा गोसाव्यांच्या स्वतःच्या वार्ताजालातून, हे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते.

श्रद्धेच्या बाबतीतही मंदिर एकपदरी नाही. गाभाऱ्यात मयूरारूढ, तीन सोंडांचा गणपती आहे. मागील भिंतीवर मात्र शैव परंपरेतील लिंगोद्भव कोरलेला आहे. तळघरात गोसावी महंतांची समाधी असून ती गुरुपौर्णिमेस दर्शनासाठी खुली होते. देऊळ, मठ आणि समाधी यांची अशी एकत्र मांडणी राज्यमान्य धर्माहून वेगळी होती. पेशव्यांचा धर्माश्रय मुख्यतः १७४९ च्या पर्वतीवरील देवदेवेश्वरासारख्या देवस्थानांतून आणि श्रावणातील ब्राह्मणांच्या दक्षिणेतून व्यक्त होई. त्या दक्षिणेला पुढे संस्थात्मक वारसही लाभला. तिच्या निधीतून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली आणि तिचेच रूपांतर होत डेक्कन कॉलेज उभे राहिले. गोसाव्यांच्या परंपरेला असे विद्यापीठीय वारस मिळाले नाहीत. पुण्याच्या सांस्कृतिक इतिहासात पहिल्या परंपरेला प्रकरणे आणि दुसरीला तळटीप मिळाली, याचे हे एक महत्त्वाचे कारण होय. दोहोंच्या कलात्मक योग्यतेशी त्याचा संबंध नाही.

मंदिरातील तीन शिलालेखांपैकी दोन संस्कृत आहेत आणि तिसरा फारसी. गणपतीच्या देवळात फारसी लेख कशाला, असे आश्चर्य पुष्कळदा व्यक्त होते. देशभर व्यवहार करणाऱ्या अठराव्या शतकातील सावकाराला त्यात काहीच विशेष वाटले नसावे. पत्रव्यवहाराची व तहनाम्यांची ती भाषा होती, आणि आपले देऊळ कोणी वाचावे याविषयी भीमगीरजींची कल्पना पेठेच्या हद्दीपुरती नव्हती.