पाटलाचा नांगर : कुलचिन्ह कीं वतनचिन्ह ?

जुन्या महजरांच्या व खरेदीखतांच्या शेवटीं गांवच्या मोकदमाच्या नांवापाशीं नांगराची आकृति काढलेली असते आणि जवळच लेखकानें ‘निशाणी नांगर’ असे शब्द घातलेले असतात. या आकृतीविषयीं दोन मतें ऐकूं येतात. एक असें कीं, ती निरक्षर पाटलाची केवळ अंगठ्याऐवजींची खूण होय. दुसरें असें कीं, युरोपांतील घराण्यांच्या ढालीवरील चिन्हांप्रमाणें तें पाटील घराण्याचें कुलचिन्ह होय. दोन्ही मतें कागदांच्या कसोटीस उतरत नाहींत.

निरक्षरानें कोणतीहि रेघ ओढली तरी चालतें. येथें तसें नाहीं. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, न्हाव्याची आरसी, परटाची मोगरी, कुंभाराचें चाक ही निशाणी ज्याच्या त्याच्या वृत्तीस नेमलेली आहे. लिहितां न येणें हें खूण करण्याचें कारण असेल. पण नांगरच कां, याचा उलगडा त्यानें होत नाहीं.

कुलचिन्हाचें काम एक कूळ दुसऱ्या कुळापासून वेगळें दाखविणें. नांगर तर भिन्न आडनांवांच्या पाटलांचा एकच. शिवाय पाटिलकीची तक्षीम विकली गेली म्हणजे घेणाराहि नांगर करूं लागतो. विकणाराचें कूळ कांहीं त्याच्याकडे जात नाहीं. वरचा नांगर कोणाचा व खालचा कोणाचा, हा तंटा शिरपाव, विडा, होळीची पोळी या मानपानांच्या पंक्तींतलाच आहे. भोसल्यांचें उदाहरण बोलकें आहे. त्यांच्या घराण्याकडे हिंगणी, बेरडी व देऊळगांव येथील पाटिलक्या होत्या. परंतु शिवछत्रपतींची संस्कृत मुद्रा ‘शहाजीचा पुत्र शिवाजी’ अशी व्यक्तीची ओळख देते. मुद्रा माणसाची, नांगर वतनाचा, हा भेद येथें स्पष्ट होतो.

मग गांवाचें असें चिन्ह कोणतें? एकटा नांगर नव्हे, कारण त्यावरून गांव ओळखूं येत नाहीं. गोतसभेच्या महजराखालीं पाटलापासून महारापर्यंत क्रमानें उमटलेली निशाण्यांची ओळ, हेंच गांवाचें खरें चिन्ह. तींत गांवाचे धंदे, मान आणि परस्पर साक्ष एकत्र येतात.

म्हणूनच छापील साधनसंग्रहांत पुष्कळदा ‘निशाणी नांगर’ हे दोनच शब्द देऊन भागविलें जातें, तें अपुरें आहे. आकृतीचें वळण, तिची जागा व अनुक्रम यांवरून वडीलपणाचा दावा, प्रसंगीं कागदाचा खरेपणाहि पारखतां येतो. महाराष्ट्रांत पाटिलकीचें वंशपरंपरागत पद १ जानेवारी १९६३ पासून कायद्यानें संपलें. नांगर नव्यानें उमटण्याचा प्रश्न उरला नाहीं. आतां तो जुन्या दप्तरांतच आहे. संग्राहकांनीं मजकुराची नक्कल करून न थांबतां कागदाच्या तळाचें छायाचित्र घ्यावें. फाटका म्हणून टाकलेला तुकडा बहुधा तोच असतो.