चिथावणी आणि साहाय्य : हंगेरीच्या उठावावरील एका ग्रंथाचें परीक्षण

चार्ल्स गाटी यांचा ‘फेल्ड इल्यूझन्स’ हा हंगेरीच्या १९५६ च्या उठावावरील इंग्रजी ग्रंथ २००६ सालीं प्रसिद्ध झाला. ग्रंथकार उठावाच्या वेळीं बुडापेस्टांत तरुण बातमीदार होते. पुढें अमेरिकेंत ते अध्यापक झाले. केवळ आठवणींवर न विसंबतां मॉस्को, वॉशिंग्टन व बुडापेस्ट या तिन्ही बाजूंचे कागद त्यांनीं एकमेकांशीं ताडून पाहिले, हा ग्रंथाचा मोठा गुण होय.

परराज्यांतील असंतोषास जें सरकार फुंकर घालतें, तेंच प्रत्यक्ष उठाव होतांच हात आखडता कां घेतें, या प्रश्नावर ग्रंथाचा भर आहे. १९५२ च्या निवडणुकींत अमेरिकेच्या रिपब्लिकन पक्षानें पूर्व युरोपच्या मुक्ततेची भाषा केली. सी. आय. ए. च्या द्रव्यावर चालणारा रेडिओ फ्री युरोप म्युनिकहून त्याच भाषेचे पडसाद हंगेरियन श्रोत्यांस ऐकवीत होता. मात्र जून १९५३ मध्यें पूर्व जर्मनींतील उठाव रशियन रणगाड्यांनीं चिरडला, तेव्हां अमेरिकेनें अन्नाचीं पुडकीं तेवढीं पाठविलीं. त्याच वर्षीं डिसेंबरांत राष्ट्रीय सुरक्षा मंडळानें केलेल्या गुप्त धोरणपत्रांत अकालीं उठावास चिथावणी देऊं नये असें नमूद आहे. हें पत्र कपाटांत राहिलें; रेडिओचा शब्द मात्र घरोघरीं पोहोंचला.

गाटी या विसंगतीस आत्मवंचना व दांभिकपणा ठरवितात. आमच्या मतें हा निर्णय अपुरा आहे. घोषणेस खर्च थोडा. तिनें घरचा मतदार संतुष्ट होतो, शत्रु बेचैन राहतो, आणि उठाव फसला तरी शत्रूची अपकीर्ति होऊन लाभच पदरीं पडतो. साहाय्याची किंमत मात्र अण्वस्त्रधारी रशियाशीं युद्ध ही होती. तेव्हां चिथावणी व माघार हीं एकाच जमाखर्चाचीं दोन पानें होत. सैन्य धाडलें नाहीं याबद्दल दोष देणें कठीण आहे. तें धाडावयाचें नाहीं हें ठरलेलें असतां ऐकणारास तसें सांगितलें नाहीं, हा खरा दोष.

याचा पुरावा तारखांत आहे. २७ ऑक्टोबर १९५६ रोजीं परराष्ट्रमंत्री डलेस यांनीं डॅलस येथील भाषणांत, या राष्ट्रांकडे आपण लष्करी दोस्त म्हणून पाहत नाहीं असें सांगितलें. तें वाक्य राजदूत बोलेन यांनीं रशियन पुढाऱ्यांच्या मुद्दाम कानीं घातलें. ३१ तारखेस मॉस्कोनें उठाव चिरडण्याचें ठरविलें. एकामुळें दुसरें घडलें असें मात्र, मालिन यांनीं टिपलेल्या तेथील बैठकींच्या त्रोटक नोंदींवरून, म्हणतां येणार नाहीं. पुढें ४ नोव्हेंबरला रशियन फौजांनीं बुडापेस्टावर हल्ला केला. त्याच दिवशीं म्युनिकच्या रेडिओनें एका लंडनच्या वृत्तपत्राचा हवाला देऊन, अमेरिकन निवडणुकीपर्यंत तग धरल्यास मदतीची मागणी अनावर होईल असें सुचविलें. नकार शत्रूस कळला. लढणारास आशा मिळाली.

सुमारे २,५०० हंगेरियन मारले गेले; सुमारे २ लक्ष देशोधडीस लागले. स्पष्ट वचन दिलेंच नव्हतें, हा रेडिओच्या बाजूनें केलेला बचाव अक्षरशः पाहतां बव्हंशीं खरा आहे. परंतु जुनीं अभयपत्रें वाचणारांस हें ठाऊक आहे कीं, वचनाचा अर्थ केवळ मजकुरांत नसतो. तें कोणी, कोणास व कोणत्या प्रसंगीं दिलें, यांतही तो असतो. यासाठीं जाहीर घोषणा व गुप्त ठराव हे संशोधकानें एकाच रुमालांत बांधून ठेवले पाहिजेत. तसें करण्याची सोय या ग्रंथानें केली आहे, म्हणून तो संग्राह्य होय.