दक्षाचे बोकडमुख : ‘वायुपुत्रांची शपथ’मधील अद्भुत

अमीश त्रिपाठी यांच्या शिवत्रयीचा तिसरा खंड २०१३ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि ‘वायुपुत्रांची शपथ’ या नावाने मराठीतही आला. त्याविषयी मंगळवार पेठेतील आमच्या विद्यार्थी-वाचकांत दोन तक्रारी ऐकू येतात : मधला भाग चर्चांनी जड झाला आहे, आणि शेवट दुःखान्त आहे. पहिली तक्रार रास्त आहे. सोमरसाचे उत्पादन थांबवावे की नाही, याचा खल इतक्या वेळा होतो की पात्रे माणसे न राहता पक्षकार बनतात. दुसरी तक्रार मात्र तपासून पाहावी लागते. शेवट दुःखान्त असणे हा काही दोष नव्हे.

‘मेलुहाचे मृत्युंजय’मध्ये शिव चंद्रवंशीयांना दुष्ट समजून युद्ध करतो आणि फसतो, ‘नागांचे रहस्य’मध्ये नागांविषयीचा समज गळून पडतो. दोन्ही खंडांचे बळ या भ्रमनिरासात आहे. तिसऱ्या खंडाला उत्तर गवसलेले असते : दुष्टत्व माणसात नसून, एकेकाळी हितकारक असलेल्या सोमरसाच्या अतिरेकात आहे. कल्पना मोलाची आहे. परंतु उत्तर हाती येताच शोध संपतो आणि मोहीम सुरू होते.

या मोहिमेचा शेवट म्हणजे पुराणातील दक्षयज्ञाची पुनर्रचना होय. यज्ञाच्या जागी दक्षाने योजलेली शांतता परिषद येते. अपमान असह्य होऊन देहत्याग करणारी सती येथे मारेकऱ्यांशी झुंजत पडते. हा बदल मला समर्थ वाटतो. वीरभद्राने केलेल्या विध्वंसाची जागा पाशुपतास्त्र घेते आणि देवगिरी नगरी (आपल्या यादवांची नव्हे) बेचिराख होते. येथवर समांतरता चोख आहे. परंतु भागवतातली किंवा शिवपुराणातली कथा विध्वंसापाशी थांबत नाही. देव विनवणी करतात, शिव प्रसन्न होतो, शिरच्छेद झालेल्या दक्षाला बोकडाचे मुख लाभते आणि यज्ञ पुरा होतो. ते मुख हास्यास्पद आहे, तशीच ती क्षमेची खूणही आहे. घडून गेलेले परत फिरवण्याची शक्यता अद्भुतामुळे कथेत शिल्लक राहते.

त्रिपाठींनी प्रत्येक अद्भुताला लौकिक कारण दिले आहे : देव ही माणसे, नागांची रूपे ही जन्मजात व्यंगे, अस्त्र हे विज्ञान. पहिल्या दोन खंडांत ही युक्ती रंजक ठरली. तिची किंमत तिसऱ्या खंडात चुकवावी लागते, कारण विज्ञानाच्या अस्त्राने मेलेला दक्ष पुन्हा उठत नाही, आणि त्याला क्षमा करण्याचा प्रसंग शिवावर कधी येतच नाही. येथे खांडेकरांच्या ‘ययाति’ची (१९५९) आठवण होते. त्यांनीही पुराणकथा मानवी पातळीवर आणली. तथापि यौवनाच्या देवघेवीचा चमत्कार त्यांनी काढून टाकला नाही. तो काढला असता तर ययातीच्या पश्चात्तापाला पुरूला परत देण्याजोगे काही उरले नसते.

एका ठिकाणी मात्र त्रिपाठी नकळत मूळ कथेजवळ येतात. नगरी जाळण्यापूर्वी सोमरसाचे जाणकार बाहेर काढले जातात, कारण पुढे कधी या विद्येची गरज पडू शकेल. यज्ञ पुरा होण्याचा अवशेष एवढाच; यजमान दक्षाला मात्र नगरीबाहेर काढले जात नाही.