उलटा घसारा

आमच्या घराण्यात कुणीही काहीही विकत घ्यायला निघालं, मग ते शिलाईचं मशीन असो की टिटवाळ्याचा प्लॉट, मला बोलावणं येतं. मी बी. कॉम. आहे आणि बँकेत चिकटलेलो आहे, एवढंच त्याला कारण. त्यामुळे दिवाळीनंतर दादाचा फोन आला त्याचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढच्या वाक्याचं.

"रविवारी ये. मीनूसाठी रिव्हॉल्व्हर बघायचंय. नवं घ्यावं की जुनं, ते तू सांग."

फोन स्पीकरवर होता. आमच्या सौ.ने हातातली पोळी तव्यावर तशीच टाकली नि विचारलं, "वहिनींशी काही झालं का हो भावोजींचं?"

तसं काही नव्हतं. मीनू, माझी पुतणी, वय वर्षे तेवीस. कॉलेजात एन. सी. सी.त पॉइंट टू-टूची रायफल हातात आली आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही. क्लबच्या रेंजवर क्लबच्या पिस्तुलाने ती नेम धरते. पण ते पिस्तूल सहाजणांत एक, म्हणजे चाळीतल्या नळासारखं. आपला नंबर येईपर्यंत पाणी जातं. शेवटी ठाण्याला पोलीस आयुक्तालयात खेपा घालघालून तिने परवाना मिळवला. आता प्रश्न पैशांचा, आणि पैसे म्हणजे दादाच्या प्रॉव्हिडंट फंडाचं फिक्स्ड डिपॉझिट. ते आमच्याच शाखेत, माझ्याच टेबलाखाली. तेव्हा ही समीक्षा मी केवळ साहित्यसेवा म्हणून करत नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावं.

आधी विषयाची ओळख. मलाही ती मीनूनेच करून दिली. साध्या काडतुसाच्या बुडाला मधोमध एक टोपी असते, तिच्यावर टाचणी आपटते. टू-टूला ती टोपीच नसते. पेटणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि घोडा पडला की कड चेपून बार उडतो. म्हणून हे रिमफायर. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने १८५७ साली ही युक्ती रिव्हॉल्व्हरला लावली. आज नेमबाज वापरतात ते लाँग रायफल जातीचं काडतूस १८८७ सालचं. धक्का कमी, आवाज कमी आणि बाकीच्यांच्या मानाने खर्चही कमी. दिसायला बोटाच्या पेराएवढं, पण २०१० साली म्युनिकला तेजस्विनी सावंत विश्वविजेती झाली ती याच्यावर, २०१८च्या एशियाडमध्ये राही सरनोबतने सोनं आणलं तेही याच्यावर आणि २०२४ साली पॅरिसला स्वप्नील कुसाळेने ऑलिंपिकचं ब्राँझ मिळवलं तेही याच्यावरच. तिघंही कोल्हापूरची. स्वप्नील तर तेव्हा रेल्वेत टी. सी. होता, म्हणजे सरकारी नोकरीत राहूनही माणसाचा नेम लागू शकतो. बँकेत हा विषय मी मुद्दाम काढत नाही.

आता नवं रिव्हॉल्व्हर. दुकानदाराने काचेवर ठेवलं ते देशी, आखूड नळीचं, पर्समध्ये मावेल असं. सुबक आहे, हलकं आहे, पावती आहे. पण त्याची माशी एका जागी घट्ट बसवलेली. नेम डावीकडे जायला लागला तर माशी हलवता येत नाही, आपणच हलायचं. आणि आखूड नळी म्हणजे माशी डोळ्याजवळ, म्हणजे हात केसभर चुकला तर पंचवीस मीटरवर ती चूक वीतभर होते. वाईट वस्तू नाही ही. चोर अंगावर आला तर उपयोगी पडेल. पण कागदाचं लक्ष्य अंगावर येत नाही, आपल्या जागी शांत उभं राहतं आणि आपला अपमान करतं.

"मग परदेशी नवं आण ना," मी म्हटलं.

"काका, ते आणायची मुभा नामांकित नेमबाजांनाच असते."

"मग नामांकित हो."

"त्यासाठी आधी चांगलं हत्यार लागतं."

हे मला लगेच पटलं. आमच्याकडे कर्जाचं असंच आहे. ज्याला नको त्याला मिळतं.

राहिलं जुनं. खरं तर आम्हा भिवंडीकरांना सेकंडहँडचं वावडं नाही. मुंबईच्या गिरण्यांनी भंगारात काढलेले माग आणून आमच्या गावाने लुगडी विणली आणि पोरांची लग्नं लावली. त्यामुळे जुनं ते स्वस्त, हा हिशेब मी गृहीत धरून चाललो होतो. पुण्याच्या त्या सद्गृहस्थांनी किंमत सांगितली आणि माझं बी. कॉम. जागच्या जागी रद्द झालं. नव्याच्या कितीतरी पट! मी घसारा काढायला शिकलो तो असा, की वस्तू दरसाल झिजते आणि किंमत दरसाल उतरते. इथे ती दरसाल चढली होती. कारण ऐकलं तर साधं आहे. १९८०च्या दशकात सामान्य माणसाला परदेशी रिव्हॉल्व्हर मागवायची वाट बंद झाली, म्हणून देशात होती तेवढीच राहिली. ओढ्याचं पाणी अडवलं की डबक्याला भाव येतो.

डबकं म्हटलं खरं, पण वस्तू पाहिली नि शब्द मागे घेतला. के-टू-टू मास्टरपीस. 'मास्टरपीस' हे कारखान्यानेच ठेवलेलं नाव, समीक्षकासाठी म्हणून काही शिल्लकच ठेवलेलं नाही. नळी सहा इंच, म्हणजे १५२.४ मिलिमीटर. आंतरराष्ट्रीय नियम १५३ची परवानगी देतो, तेव्हा अर्ध्या मिलिमीटरने पास. मागची खाच स्क्रूने वरखाली, डावीउजवी होते. मीनूने घोडा ओढून सिलिंडर बोटांनी हलवून पाहिलं, डुगडुगत नव्हतं. कागदाचा कपटा धरून नळीतून उजेड पाहिला, फुगवटा नव्हता. मग सहाही घरांच्या कडा तिने नखाने चाचपल्या. रिमफायरचा चाप रिकामाच ओढत बसलं तर टाचणी काडतुसाऐवजी घराच्या कडेवर आपटते, तिथे खळगा पडतो आणि पुढे काडतूस अडकतं. घरी आलेला प्रत्येक मेव्हणा हा उद्योग करतोच. कडा कोऱ्या होत्या.

मी आपला बँकेच्या पद्धतीने आक्षेप काढला. "हल्ली सगळे आपोआप भरणारी पिस्तुलं वापरतात म्हणे. घाईच्या फेरीत याचा घोडा कधी ओढणार?"

"लक्ष्य तीन सेकंद दिसतं, मध्ये सात सेकंद मिळतात. तेवढ्यात ओढून होतो. आणि फेरी पाचची असते काका, याला घरं सहा."

ते गृहस्थ ऐंशीच्या पुढचे. आतापर्यंत आमच्याशी काही बोलले नव्हते. आदल्या आठवड्यात एकजण दुप्पट पैसे घेऊन आला होता, त्याला त्यांनी परत पाठवलं होतं. त्याला ते कमरेला लावून लग्नात मिरवायचं होतं. वरातीत बार उडवणं हा २०१९च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, हे त्याला आजोबांनी दारातच सांगितलं म्हणे. आता ते नुसते मीनूचे हात बघत होते. तिने हातात घेताक्षणी सिलिंडर बाहेर काढून रिकामं असल्याची खात्री केली होती, नळी सगळा वेळ भिंतीकडेच ठेवली होती आणि परत देताना सिलिंडर उघडंच ठेवून दिलं. म्हाताऱ्याने चष्मा काढून पुसला.

"मोतीबिंदूनंतर माशी दिसते, पण हात ऐकत नाही," ते म्हणाले. मग किंमत आपण होऊन खाली आणली. किती, ते सांगत नाही, कारण मी घासाघीस करायला तोंड उघडलंच होतं आणि दादाने माझ्या पायावर पाय दिला. दोन्हीकडच्या परवाना अधिकाऱ्यांना कळवणं वगैरे सोपस्कार पुढे व्हायचेत. तेलाची अर्धी बाटली नि ब्रश मात्र त्यांनी त्याच दिवशी तिच्या पिशवीत घातला.

सोमवारी दादाच्या डिपॉझिटची मुदतपूर्व मोड मीच केली. व्याजाचा दंड कापला, सही घेतली. दारावरच्या आमच्या रखवालदाराला बातमी कुठून लागली कोण जाणे. खांद्यावरची डबल बार सावरत त्याने विचारलं, "साहेब, नवी घेतली का जुनी?"

"जुनी."

"आपली बी जुनीच हाय," तो खूष होऊन म्हणाला. "फकस्त उडते का नाय, ते कधी बघितलं नाय."