कंटाळ्याची प्रात्यक्षिक परीक्षा

कंटाळा टाळणं ही मराठी माणसाची उपजत कला आहे. कादंबरीत नदीकाठच्या सायंकाळचं वर्णन सुरू झालं की तो अंगठ्याने पानांची जाडी अजमावतो आणि थेट पुढच्या अवतरणचिन्हावर उतरतो. सिनेमात नायक-नायिका काही कारण नसताना बर्फात गेली की याला बाहेर सामोसे तळल्याचा वास येतो. नाटकात मागे राजवाडा उभा राहीपर्यंत पुढच्या पडद्यासमोर दोन विनोदी नोकर झाडू घेऊन आले, की हा शेजारच्याला किती वाजले ते विचारून घेतो. गाण्याच्या बैठकीत विलंबित ख्याल फारच विलंबाने चालला तर डोळे मिटून मान हलवत राहावं; लोक दर्दी समजतात. आपल्याकडच्या प्रत्येक कलेला असं एक मागचं दार आहे, आणि ते नेमकं कुठे आहे हे ठाऊक असणं ही निम्मी रसिकता.

व्हिडिओ गेमला तेवढं हे दार ठेवलेलं नाही. तिथे कंटाळवाणा भाग नुसता सोसून भागत नाही. तो तुम्हाला स्वतःच्या हातांनी करून दाखवावा लागतो आणि वर त्यात पास व्हावं लागतं. नापास झालात की तोच भाग पुन्हा. कादंबरीकार काही पान उलटण्याआधी तुमच्याकडून नदीचं वर्णन पाठ म्हणून घेत नाही. गेमवाले घेतात.

आता तुम्ही म्हणाल, चाळिशी ओलांडलेल्या, दिवसभर बँकेत बसणाऱ्या बी.कॉम. माणसाचा या विषयात अधिकार काय? अहो, ठेवीदाराचा! टीव्हीला वायर जोडून खेळायच्या त्या स्वस्तातल्या यंत्रापासून (कॅसेटवर '९९९९ गेम' असं छापलेलं आणि आत मोजून सात-आठ) माझी या धंद्यात तीस वर्षांची ठेव आहे. सगळी वेळेच्या रूपात. तेव्हा तक्रारपेटीत एक कागद टाकण्याइतका हक्क मला पोचतो.

आणि तक्रार अवघडपणाची नाही, हे सुरुवातीलाच नमूद करतो. 'कॉन्ट्रा'मध्ये मी शेकडो वेळा मेलो असेन, पण कंटाळून एकदाही नाही. कारण पळायचं, उडी मारायची आणि गोळी घालायची, या तीन कामांसाठी मला तिथे नेमलं होतं आणि मरण आलं ते हीच कामं बजावताना आलं. कर्मचाऱ्याला याहून काय हवं? माझी तक्रार आहे ती बदलीबद्दल. माणसाला कॅश काउंटर शिकवावा, नोटा मोजायला हात बसू द्यावा, तो जरा खुशीत आला की साहेबांनी म्हणावं, "आज तुम्ही जरा लिफ्ट दुरुस्त करा. झाली की मग कॅश." लिफ्टचं काम अवघड आहे म्हणून चीड येत नाही. लिफ्टचा आपला संबंध काय, म्हणून येते.

याचा अस्सल नमुना म्हणजे 'ग्रँड थेफ्ट ऑटो : व्हाइस सिटी'. २००२ साली निघालेला हा गेम २००३ साली संगणकावर आला आणि माझ्या पिढीने तो सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून खेळला. काळ १९८६चा, शहर मायामीच्या वळणाचं, नायक टॉमी व्हर्सेटी. त्याला आवाज रे लिओटा या हॉलिवूडच्या नटाचा. समुद्र, निऑनचे दिवे, आणि कुणाचीही मोटार पळवावी तर तिच्या रेडिओवर आधीच ऐंशीच्या दशकातली गाणी लागलेली. त्या दिवसांत मी बँकांच्या परीक्षांचे फॉर्म भरत होतो. वाहन म्हणाल तर वडिलांची सायकल. तिची चेन पडल्यावर हात काळे करून कॅफेत शिरायचं आणि पाच मिनिटांनी समुद्राकाठच्या रस्त्याने उघड्या गाडीतून निघायचं, हे सुख मी शब्दांत सांगू शकणार नाही.

तर या शहरात आपल्याला एव्हरी कॅरिंग्टन नावाचा बिल्डर भेटतो. त्याला दुसऱ्या कुणाची तरी इमारत उभी राहायला नको असते. इथपर्यंत कथानक आपल्या कुठल्याही उपनगरात चपखल बसेल. आपल्याला वाटतं, आता टॉमी त्याच्या पद्धतीने बोलणी करील. छे! बिल्डर आपल्याला खेळण्यांच्या दुकानाच्या व्हॅनमध्ये बसवतो आणि रिमोटवर चालणारं एक खेळण्यातलं हेलिकॉप्टर उडवायला लावतो. अर्धवट बांधलेल्या इमारतीत चार ठरलेल्या जागी चार बॉम्ब नेऊन ठेवायचे. एका खेपेला एकच. पहिला उचलला की घड्याळ सुरू. मुदत सात मिनिटं. वर न्यायची कळ वेगळी, वळायची वेगळी, पुढे झुकायची वेगळी, आणि जिन्यात पोचल्यावर चारही बाजूंना भिंती. सबंध शहर ताब्यात घ्यायला निघालेला गुंड घामाघूम होऊन खेळणं जिन्यातून वर नेतो आहे आणि मजूर हत्यारं घेऊन त्या खेळण्याच्या पाठीस लागले आहेत! हेलिकॉप्टर भिंतीला घासतं, धूर निघतो, भडका उडतो. पुन्हा व्हॅन.

त्या हेलिकॉप्टरमुळे कुणाची भरभराट झाली असेल तर ती सायबर कॅफेवाल्यांची. आमच्या कॅफेत एक शाळकरी पोरगा होता, तो फक्त हेच काम करायचा. सगळे त्याला पायलट म्हणत. कुणाची गाडी त्या इमारतीपाशी अडली की तो खुर्ची ओढून बसे, एका वडापावात चारी बॉम्ब ठेवून देई आणि काही न बोलता निघून जाई. घड्याळ पहिला बॉम्ब उचलल्यावरच सुरू होतं, तेव्हा आधी रिकाम्या हेलिकॉप्टरने जाऊन त्याच्या पात्यांनी मजूर आणि पहारेकरी हटवून घ्यावेत, ही युक्ती त्याचीच. निदान आमच्या गावात तरी. माझा एक मित्र मात्र स्वाभिमानी. वडापाव देणार नाही म्हणाला. तो त्या हेलिकॉप्टरपाशी थांबला तो कायमचाच. पुढे टॉमी हवेली बळकावतो, शहराचा धनी होतो, हे त्याला दुसऱ्यांच्या तोंडून कळलं. विचार करा, अर्ध्या कादंबरीत पान चिकटलेलं निघालं म्हणून शेवट हुकलेला वाचक तुम्ही पाहिलाय? इथे गावोगावी असतील.

बरं, मोठ्या घराण्यांतही हेच. जपानच्या निन्टेंडो कंपनीचा 'द लेजंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम' (१९९८) घ्या. जाणकार त्याचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. परदेशी असलेला माझा भाचा सुट्टीत आला तो यंत्र घेऊन, त्यावर मी हा जुना खेळ पाहिला आणि कानाला हात लावावा असाच वाटला. गाव, कुरण, घोडा, बासरीसारखं ते वाद्य, सगळं सुरेख. आणि मग लागतं 'वॉटर टेंपल'. हे पाण्यात बुडालेलं देऊळ. पाण्याच्या तीन पातळ्या. ठरलेल्या जागी जाऊन एक अंगाई वाजवली की पातळी बदलते, आणि प्रत्येक पातळीला वेगळी दारं उघडी. इथपर्यंत कोडं म्हणून झकास आहे. पण पाण्याच्या तळाशी जायला लोखंडी बूट घालावे लागतात, वर यायला काढावे लागतात, आणि दर वेळी त्यासाठी खेळ थांबवून, यादी उघडून, बूट निवडून, यादी मिटावी लागते. आपल्याकडे देवळात चपला एकदाच काढतात, त्याही बाहेर. या देवळात निम्मं दर्शन बूट घालण्या-काढण्यात संपतं.

गंमत अशी की देऊळ तसंच ठेवूनही हा त्रास काढता येत होता. २०११ साली हाच खेळ हातात मावणाऱ्या यंत्रावर पुन्हा आला, तेव्हा बूट एका बटणावर आणले आणि वाटा दाखवायला भिंतींवर रंगीत पट्टे ओढले. ज्यांनी मुळात ही देवळं रचली त्या एजी आओनुमा यांनी त्या बुटांबद्दल जाहीर दिलगिरीही व्यक्त केली. कलावंत चुकून का होईना, दिलगिरी व्यक्त करतो हे मी इथेच प्रथम पाहिलं.

याच झेल्डा घराण्यातला 'विंड वेकर' २००२ सालचा. होडीतून समुद्रभर हिंडायचं. वारा असा सुटलेला की खोलीतला पंखा बंद करावा. शेवटाकडे मात्र समुद्रात बुडालेले आठ तुकडे शोधायचे असतात. प्रत्येक तुकड्याचा एक नकाशा. तो आधी मिळवायचा, मग एका हिरव्या कपड्यांतल्या इसमाकडून वाचून घ्यायचा. त्याची फी दर नकाशाला ३९८ रुपी. होय, तिथल्या चलनाचं नाव रुपीच आहे! भाचा खेळत होता आणि मी शेजारी कागदावर हिशेब मांडत होतो, कारण रुपी म्हटल्यावर माझ्याने राहवेना. आठ नकाशांचे झाले ३१८४. "मामा, ४०० का नाही घेत तो सरळ?" भाच्याने विचारलं. मी म्हटलं, "बाटाच्या दुकानात गेलास कधी?" पैसे साठवायचे, नकाशा आणायचा, वाचून घ्यायचा, तिथवर होडी हाकायची, गळ टाकायचा, आणि हे आठदा. मुदतीत काम संपवायचं म्हणून काही भुयारं गाळली गेली, हे कर्त्यांनीच पुढे मान्य केलं आहे. म्हणजे आमच्याकडे ३१ मार्चला होतं तेच. ताळेबंद जुळत नाही म्हटल्यावर मधे एक 'किरकोळ' म्हणून रकाना घालतात. २०१३च्या नव्या आवृत्तीत आठांपैकी पाच तुकडे नकाशाशिवाय हाती लागतात. ११ वर्षांनी का होईना, नोंद दुरुस्त झाली.

'असॅसिन्स क्रीड ४ : ब्लॅक फ्लॅग'मधल्या (२०१३) चाचेगिरीबद्दल थोडक्यात एवढंच सांगतो, की कॅरिबियन समुद्रात स्वतःचं तोफांचं जहाज असताना मला एका व्यापाऱ्यामागून, फार जवळ नाही आणि फार लांब नाही असं चालत त्याचं बोलणं चोरून ऐकायला लावतात. लांब राहिलो तर नापास, दिसलो तर नापास. एकदा तर जहाजालाही दुसऱ्या जहाजामागे असंच दबकत जायला लावलं. चाचे असते तर त्यांनी युनियन केली असती.

माझ्या या सगळ्या मांडणीला आमच्या हेडकॅशियरनी एक आक्षेप घेतला आणि तो मला मानावा लागेल. हे गृहस्थ रोज रात्री 'युरो ट्रक सिम्युलेटर २' खेळतात. २०१२चा हा चेक कंपनीचा खेळ. त्यात ट्रक चालवायचा, एवढंच. माल भरायचा, शेकडो मैल न्यायचा, सिग्नल तोडला की दंड, दमलात की झोप. "हे तर कामच आहे. मला का नाही कंटाळा येत?" त्यांनी विचारलं. चहा संपेपर्यंत मला उत्तर सुचलं नाही. पण सरळ आहे: त्यांना दारातच सांगितलंय, इथे ट्रक चालवायचा आहे. नोकरीचा अर्ज त्यांनी स्वतः भरला. रुळाला लागलेलं काम करण्यात एक गोडी असते, ती वीस वर्षं पासबुकं भरलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको. दरोड्याच्या टोळीत भरती करून घ्यायचं आणि मग हमाली द्यायची, ही मात्र फसवणूक.

आणि हे मी अलंकारिक बोलत नाही. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' (२०१३) या खेळात ट्रेव्हर नावाचा एक महाभयंकर मनुष्य आहे. त्याच्यासारखा वागायला मिळणार म्हणून माणूस उत्साहाने बसतो. तर त्याला गोदीची टेहळणी करायची असते म्हणून गोदी कामगाराचे कपडे घालतात आणि खरोखर कामाला लावतात. एका अजस्र गाडीने कंटेनर उचलून ठेवायचे, मग उंच क्रेनवर चढून ट्रकवर लादायचे. मी संध्याकाळी साडेसातला घरी येतो, जेवतो, नऊ ते दहा माझा वेळ. त्या एका तासात मी पाळी भरतो! पुढे ज्या दरोड्यासाठी हे सगळं चाललंय त्यात चोरलेली वस्तू इतकी धोक्याची निघते की ती परत ठेवावी लागते. जमा बाजूला शून्य. आमची ही मागून जाताना म्हणाली, "ओव्हरटाइम मिळतो का हो?"

यावर या मंडळींनी काही उपायच केला नाही असं मी म्हणणार नाही. २०११ सालच्या 'एल. ए. न्वार'मध्ये मारामारीच्या प्रसंगात तीनदा नापास झालात की तो प्रसंग ओलांडून पुढे जायची मुभा मिळाली. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५'मध्येही तसंच. एकाच टप्प्यावर तीनदा अडखळलात की खेळच विचारतो, पुढे जायचंय का? एटीएममध्ये तीनदा चुकीचा पिन टाकला की कार्ड बंद पडतं, इथे तीनदा चुकलं की दार उघडतं. मागचं दार म्हणतात ते हेच, आणि व्हाइस सिटी काढणाऱ्यांच्याच घरात ते पाडलं गेलं याचा मला मनापासून आनंद आहे. माझ्या त्या स्वाभिमानी मित्रालाही मी कळवलं.

पण दार बसवलंय ते चुकीच्या भिंतीत. ते अवघड भागासाठी आहे. कंटाळवाण्या भागात नापास व्हायचं कसं? गोदीत पाठलाग नाही, गोळीबार नाही. कंटेनर उचलायचा, नेऊन ठेवायचा. यात ढ मुलगासुद्धा पास होईल. म्हणजे कंटाळा चुकवायचा तर तीनदा मुद्दाम काम बिघडवायला हवं.

"मग बिघडव की, मामा," भाचा म्हणाला. "दे तो कंटेनर पाण्यात ढकलून. तीन वेळा. सुटलास!"

मी गाडी धक्क्याच्या कडेपर्यंत नेलीसुद्धा. खाली पाणी, वर टांगलेला कंटेनर, आणि पलीकडे तो ज्या जागी ठेवायचा ती आखलेली, रिकामी जागा. कुणाचा तरी माल होता तो. आत काय असेल, बिल्टी कुणाच्या नावाने असेल... मी गाडी मागे घेतली, कंटेनर रेषेत नीट बसवला, एक कोपरा जरा बाहेर आला होता तो उचलून पुन्हा बसवला आणि दुसरा आणायला निघालो. भाचा उठून जेवायला गेला.