'यथोचित दक्षता' आणि अभियंता : औद्योगिक सुरक्षितता कायद्यातील एका संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना

औद्योगिक अपघातानंतर दोन प्रश्न विचारले जातात. अपघात कशामुळे झाला, हा पहिला. त्याला जबाबदार कोण, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अभियांत्रिकीने द्यावयाचे असते, तर दुसऱ्याचे न्यायालयाने. या दोन उत्तरांच्या दरम्यान कायद्यातील एक छोटा शब्दप्रयोग उभा असतो आणि तो म्हणजे 'यथोचित दक्षता'. आरोपीने ही दक्षता घेतली होती असे सिद्ध झाले, तर अपघात घडूनही तो दोषमुक्त ठरू शकतो. म्हणूनच या शब्दाचा अर्थ कोण, केव्हा आणि कशाच्या आधारे ठरवतो, हा प्रश्न केवळ कायद्याच्या अभ्यासकांपुरता मर्यादित राहत नाही. दरवर्षी अभियांत्रिकीची पदवी घेऊन तारापूर, डोंबिवली, महाड किंवा लोटे-परशुराम येथील रासायनिक कारखान्यांत रुजू होणाऱ्या तरुणांच्या आयुष्याशी त्याचा थेट संबंध आहे.

प्रस्तुत लेखात कारखाने अधिनियम, १९४८, त्यातील १९८७ ची दुरुस्ती आणि व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० यांच्या संदर्भात या संकल्पनेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. आपल्या कायद्याने दक्षतेला अपघातानंतरच्या बचावाचे स्थान दिले. अपघातापूर्वीच्या व्यावसायिक कर्तव्याचे स्थान पुरेसे दिले नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

शब्दाची अडचण

हिंदी कायदेभाषेत या संकल्पनेसाठी 'सम्यक् तत्परता' असा शब्द रूढ आहे आणि आपल्याकडेही 'तत्परता' हा शब्द अनेकदा वापरला जातो. परंतु मराठी वाचकाच्या मनात तत्परता म्हणजे चटकन उठून कामाला लागणे. आग लागल्यावर बंब वेळेवर येणे ही तत्परता होय. आग लागू नये म्हणून वायरिंग तपासणे ही दक्षता होय. पहिली घटनेनंतरची, दुसरी घटनेपूर्वीची. कायद्याला अभिप्रेत असलेला अर्थ दुसरा आहे, म्हणून या लेखात 'दक्षता' हाच शब्द योजला आहे. मात्र अनुवादातील ही गफलत केवळ शब्दकोशापुरती नाही. आपल्या सुरक्षिततेच्या व्यवहारातही नेमकी हीच गफलत झालेली दिसते.

कलम १०१ ची रचना

कारखाने अधिनियमाचे कलम १०१ या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखे आहे. कारखान्याचा भोगवटादार किंवा व्यवस्थापक यांच्यावर खटला झाल्यास त्याला आपली सुटका करून घेण्याचा मार्ग या कलमाने दिला होता. त्यासाठी दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागत. अधिनियमाची अंमलबजावणी व्हावी म्हणून आपण यथोचित दक्षता घेतली, ही पहिली. आणि प्रत्यक्ष अपराध दुसऱ्याच व्यक्तीने आपल्या नकळत, आपल्या संमतीशिवाय व संगनमताशिवाय केला, ही दुसरी. या दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्यास ती दुसरी व्यक्ती दोषी ठरे आणि भोगवटादार सुटे.

येथे एक बाब सहज नजरेतून सुटते. या कलमानुसार केवळ दक्ष असणे पुरेसे नव्हते. दक्षतेचा बचाव उपयोगी पडावा यासाठी 'दुसरा कोणीतरी' न्यायालयापुढे आणून उभा करावा लागे. हा दुसरा स्वाभाविकपणेच अधिकाराच्या उतरंडीत खालचा असणार : पाळीचा अभियंता, देखभाल विभागाचा पर्यवेक्षक किंवा एखादा यंत्रचालक. सुरक्षिततेच्या कायद्यातील दक्षतेची व्याख्या अशा रीतीने दोषाच्या हस्तांतरणाशी जोडली गेली. वरच्याची दक्षता सिद्ध होण्यासाठी खालच्याचा अपराध सिद्ध होणे आवश्यक ठरले.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली जे. के. इंडस्ट्रीज प्रकरणात कंपनीच्या बाबतीत भोगवटादार हा संचालकच असला पाहिजे, ही १९८७ च्या दुरुस्तीतील तरतूद वैध ठरवली. पगारी अधिकाऱ्याला भोगवटादार म्हणून पुढे करून संचालकांनी नामानिराळे राहण्याची वाट या निर्णयाने बंद झाली. हा निर्णय निश्चितच स्वागतार्ह होता. तथापि, त्या निर्णयातही कलम १०१ चा बचाव संचालकाला उपलब्ध असल्याचे मान्य केले गेले. जबाबदारी वर गेली. ती पुन्हा खाली उतरवण्याचा जिना मात्र जागेवरच राहिला.

भोपाळ : कागदावरील दक्षता

या विवेचनाची कसोटी भोपाळ येथे लागते. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ई-६१० या टाकीत पाणी शिरले आणि मिथिल आयसोसायनेट वायूची प्रचंड गळती झाली. पाणी कसे शिरले याविषयी दीर्घकाळ वाद झाला. संरक्षक यंत्रणांच्या अवस्थेविषयीची तथ्ये मात्र पुरेशी स्पष्ट आहेत. टाकी थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा जून १९८४ पासून बंद होती. वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर प्रत्यक्ष कार्यरत ठेवलेला नव्हता. वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअर टॉवरकडे जाणाऱ्या नळाचा एक भाग दुरुस्तीसाठी काढलेला होता. पाण्याचे फवारे वायू जेथून बाहेर पडत होता त्या उंचीपर्यंत पोहोचतच नव्हते.

अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर एकामागून एक उभ्या केलेल्या संरक्षणाच्या भिंती एकाच वेळी अनुपस्थित होत्या. यांपैकी कोणतीही गोष्ट त्या रात्री अचानक घडलेली नव्हती. प्रत्येकीमागे कोणाचा तरी निर्णय होता, कोणाची तरी सही होती किंवा कोणाचे तरी मौन होते.

त्यापूर्वीचा इतिहास अधिक बोलका आहे. डिसेंबर १९८१ मध्ये याच कारखान्यात फॉस्जीनच्या संपर्कामुळे एका कामगाराचा मृत्यू झाला होता. मे १९८२ मध्ये मूळ कंपनीच्या अमेरिकेतील तज्ज्ञांनी पाहणी करून अनेक धोके नोंदवले होते. त्याच वर्षी राजकुमार केसवानी या पत्रकाराने स्थानिक वृत्तपत्रातून येऊ घातलेल्या संकटाविषयी लिहिले होते. म्हणजे माहितीचा अभाव नव्हता. पाहणी झाली होती, अहवाल तयार झाला होता, तो संबंधितांकडे पोहोचलाही होता. कागदोपत्री दक्षता म्हणतात ती याहून वेगळी काय असते? भोपाळची शोकांतिका अज्ञानातून घडली नाही. ज्ञात धोक्यासोबत राहण्याची सवय झाल्यामुळे ती घडली.

न्यायालयीन प्रवास सर्वज्ञात आहे. सदोष मनुष्यवधाचा आरोप १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत होण्याच्या आरोपापर्यंत, म्हणजे भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ पर्यंत, खाली आणला. ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने दोषींना त्या कलमाखालील कमाल, म्हणजे दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्याच दिवशी त्यांना जामीनही मिळाला. दोषी ठरलेल्यांत कंपनीच्या उच्चपदस्थांबरोबर कारखान्यात प्रत्यक्ष उत्पादन सांभाळणारे तांत्रिक अधिकारीही होते. अभियंत्यांच्या दृष्टीने या निकालाचा हा भाग सर्वांत कमी चर्चिला गेला आहे.

१९८७ ची दुरुस्ती आणि तिची मर्यादा

भोपाळनंतर वर्षभरातच, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीतील श्रीराम फूड अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यातून ओलियमची गळती झाली. त्या प्रकरणात डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निरपेक्ष दायित्वाचा सिद्धांत मांडला. धोकादायक उद्योग चालवणाऱ्याला नुकसानभरपाईच्या संदर्भात 'मी सर्व काळजी घेतली होती' असे म्हणून सुटता येणार नाही, हे त्याचे सार होय. दिवाणी दायित्वाच्या क्षेत्रात दक्षतेचा बचाव असा निकालात निघाला. फौजदारी क्षेत्रात मात्र तो कायम राहिला आणि तत्त्वतः ते योग्यही आहे. कारण दक्ष आणि बेफिकीर या दोघांना एकच शिक्षा होणार असेल, तर दक्ष राहण्याचे प्रयोजनच उरत नाही.

१९८७ च्या दुरुस्तीने अधिनियमात घातक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण समाविष्ट केले. कलम ७-ब ने यंत्रसामग्रीचा आराखडा करणाऱ्यांवर व ती पुरवणाऱ्यांवर सुरक्षिततेचे कर्तव्य सोपवले. कलम ४१-ह ने घातक प्रक्रियेतील कामगाराला नजीकच्या धोक्याची सूचना देण्याचा हक्क दिला. परंतु भोगवटादाराच्या सर्वसाधारण कर्तव्यांना 'वाजवीपणे शक्य असेल तितपत' अशी मर्यादा जोडली गेली. हा शब्दप्रयोग इंग्लंडच्या कायद्यातून आलेला आहे. तेथे १९४९ च्या एडवर्ड्स विरुद्ध नॅशनल कोल बोर्ड या खटल्यात त्याचा अर्थ स्पष्ट झाला : धोक्याच्या तुलनेत उपाययोजनेचा खर्च व त्रास अगदीच प्रमाणाबाहेर असेल, तरच उपाययोजना न करणे क्षम्य ठरते. याचा अर्थ तराजूचे पारडे आधीपासूनच सुरक्षिततेच्या बाजूला झुकलेले असते. आपल्याकडील व्यवहारात मात्र 'शक्य असेल तितपत' याचा अर्थ 'परवडेल तितपत' असा घेतला जातो. हा तराजू प्रत्यक्षात हाताळणारा माणूस अभियंता असतो, कारण धोका किती आणि उपाय कोणता हे त्यालाच मांडता येते. तरीही निर्णयप्रक्रियेत त्याचे स्थान काय, याविषयी अधिनियम जवळजवळ मौन बाळगतो.

कॅनडाचे उदाहरण

या संदर्भात कॅनडाचा अनुभव उद्बोधक ठरतो. ९ मे १९९२ रोजी नोव्हा स्कॉशिया प्रांतातील वेस्ट्रे कोळसा खाणीत स्फोट होऊन २६ खाणकामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर झालेल्या चौकशीच्या परिणामी २००४ साली तेथील दंडसंहितेत कलम २१७.१ अंतर्भूत झाले. इतरांनी काम कसे करावे हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याच्यावर त्या कामातून कोणाला शारीरिक इजा होऊ नये यासाठी वाजवी उपाय योजण्याचे कायदेशीर कर्तव्य या कलमाने टाकले.

२४ डिसेंबर २००९ रोजी टोरांटोत एका उंच इमारतीच्या दुरुस्तीसाठी टांगलेला फलाट कोसळला आणि चार कामगारांचा मृत्यू झाला. फलाटावरील माणसांच्या संख्येच्या मानाने सुरक्षादोर अपुरे होते आणि ही बाब प्रकल्प व्यवस्थापकाला ठाऊक होती. २०१६ मध्ये त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. येथे न्यायालयाने पाहिले ते त्याच्या कपाटातील सुरक्षा पुस्तिकेकडे नव्हे. काम थांबवण्याचा अधिकार असताना त्याने ते थांबवले का, याकडे. भारतीय तरतुदीशी असलेला फरक येथे स्पष्ट होतो. आपल्या कलमाचा प्रश्न 'अपराध दुसऱ्याने केला का?' असा होता. कॅनडाच्या कलमाचा प्रश्न 'तुझ्या हातात काय होते आणि तू काय केलेस?' असा आहे.

नवी संहिता आणि अभियंत्याचा पेच

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने कारखाने अधिनियमाची जागा घेतली आहे. तिच्यात काही आश्वासक तरतुदी आहेत. कलम ९ ने बांधकामाच्या संदर्भात वास्तुविशारद, प्रकल्प अभियंता व आराखडाकार यांच्यावर नियोजनाच्या टप्प्यापासूनच सुरक्षिततेचा विचार करण्याचे कर्तव्य टाकले आहे. कलम १४ नुसार धोक्याची सूचना मालकाबरोबरच निरीक्षक तथा सुविधाकाराकडेही एकाच वेळी करता येते आणि हा हक्क 'कर्मचाऱ्या'ला असल्याने अभियंताही त्यात येतो. परंतु दुसरीकडे, विजेचा वापर होणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येसाठी कामगारसंख्येची मर्यादा १० वरून २० करण्यात आली आहे. लहान रासायनिक कारखान्यांत माणसे थोडी आणि धोका मोठा असतो, ही वस्तुस्थिती या संख्येत प्रतिबिंबित होत नाही. शिवाय कलम ९ चे कर्तव्य बांधकामापुरतेच आहे. रासायनिक संयंत्रातील प्रक्रिया अभियंत्यावर असे थेट कर्तव्य नाही.

आणखी एक विसंगती नोंदवली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने निष्काळजीपणाने घडलेल्या मृत्यूची कमाल शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढवली. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकासाठी वैद्यकीय उपचाराच्या संदर्भात मात्र ती दोन वर्षेच ठेवली. डॉक्टरांना परिषद आहे, वकिलांना परिषद आहे, वास्तुविशारदांना १९७२ च्या अधिनियमाने परिषद मिळाली. अभियंत्यांच्या संपूर्ण व्यवसायासाठी अशी वैधानिक परिषद आपल्या देशात अस्तित्वात नाही. परिणामी, अभियंत्याची यथोचित दक्षता म्हणजे काय हे ठरवणारी व्यवसायाची स्वतःची मोजपट्टीच नाही. ती अपघातानंतर, न्यायालयात, प्रत्येक वेळी नव्याने तयार करावी लागते.

प्रस्तुत लेखिका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सामाजिक शास्त्रांचा एक विषय शिकवते. सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची, असे विचारले असता बहुतेकांचे उत्तर 'सेफ्टी ऑफिसरची' असे असते. 'वरिष्ठांनी धोकादायक यंत्र चालू ठेवायला सांगितले तर काय कराल?' या प्रश्नावर वर्गात शांतता पसरते. एका विद्यार्थ्याने एकदा प्रामाणिकपणे विचारले, "मॅडम, नकार दिला तर नोकरी जाईल आणि सही केली तर तुरुंग. मग कायदा आमच्या बाजूने कुठे आहे?" या प्रश्नाला समाधानकारक उत्तर देता आले नाही, हे येथे मान्य केले पाहिजे. हा लेख त्या अनुत्तरित प्रश्नातूनच आकारास आला आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष हाती येतात. दक्षता ही केवळ बचावाची बाजू न राहता पदानुसार नेमून दिलेले कर्तव्य व्हावयास हवी. कलम ९ ची कल्पना घातक प्रक्रियांच्या अभियंत्यांपर्यंत विस्तारणे हे त्या दिशेचे पहिले पाऊल ठरेल. मात्र अधिकाराविना कर्तव्य म्हणजे खालच्या माणसासाठी रचलेला सापळाच होय. म्हणून अभियंत्याने लेखी नोंदवलेला विरोध जपून ठेवण्याची सक्ती, त्याबद्दल होणाऱ्या सूडाच्या कारवाईपासून संरक्षण आणि नजीकच्या धोक्यात काम थांबवण्याचा स्पष्ट अधिकार या तिन्ही गोष्टी कर्तव्यासोबतच दिल्या गेल्या पाहिजेत. अभ्यासक्रमातही सुरक्षितता कायदा हा दोन गुणांच्या टीपांचा विषय न राहता आराखड्याच्या प्रत्येक प्रकल्पाचा भाग व्हावा.

भोपाळमधील शीतकरण यंत्रणा अपघाताच्या आधी सुमारे सहा महिने बंद होती. या काळात ती पुन्हा सुरू करण्याचा आग्रह धरण्याची संधी रोज उपलब्ध होती. कायद्याने २०१० साली शिक्षा दिली. पण ज्या दिवशी ती यंत्रणा बंद झाली, त्या दिवशी 'हे चालणार नाही' असे म्हणू शकणाऱ्या माणसाच्या पाठीशी कायदा उभा नव्हता. यथोचित दक्षतेची खरी जागा त्या दिवशी आहे.